कुशल कारागीर नावाचा साक्षीदार

(साखरखेर्डा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पितळेचे उथळ ताट लेथ मशीनवर घासायचे तर ते धरायचे कसे, हा मिर्झापूरच्या भांडी-कारखान्यांचा जुना प्रश्न होता. ताट हेडस्टॉकला लुकणाने चिकटवत. तापवले की मऊ होणारे आणि गार झाले की घट्ट धरणारे हे लुकण. नाही तर ताट चकच्या जबड्यात पकडत. समोरून टेकू काहीच नसे. मशीनने वेग घेतला आणि हत्याराचा दाब पडला की ताट सुटायचे आणि भिरभिरत निघायचे. समोर बसलेल्या माणसाचे नशीब बरे असेल तर ते भिंतीवर आपटायचे. १९५१ साली मिर्झापूरच्याच हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने यावर तोड काढली. समोरच्या बाजूने, म्हणजे टेलस्टॉककडून, एका फिरत्या दांड्याने ताटावर दाब द्यायचा. ताट दोन्हीकडून दाबले गेले आणि सुटायचे थांबले. पेढीने त्याचे पेटंट घेतले.

त्याच गावातल्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीने तसेच साधन वापरायला घेतले आणि भांडण कोर्टात गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा उभे केले आणि डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कायमची काट मारली. तोवर पेटंटची सोळा वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. जिंकणाऱ्याला त्या विजयाचा धंद्यात काय उपयोग झाला असेल, हा वेगळा प्रश्न. पण न्यायमूर्ती रणजितसिंह सरकारिया यांनी लिहिलेला तो निकाल आजही यंत्राच्या पेटंटवर वाद झाला की पहिल्यांदा उघडला जातो.

न्यायालयाने काय पाहिले? लेथला टेलस्टॉक असतो, त्याने काम समोरून दाबून धरता येते, ही गोष्ट कित्येक दशकांपासून पुस्तकांत छापलेली आणि दुकानांत वापरात होती. भांड्यांच्या धंद्यात ती नव्हती इतकेच. ती तिथे आणून बसवणे म्हणजे जुनीच युक्ती शेजारच्या कामाला लावणे. जाणत्या कारागिराच्या आवाक्यातली, वर्कशॉपमध्ये रोज होते तशी ही सुधारणा होती. तिच्यासाठी सोळा वर्षांची मक्तेदारी देता येत नाही.

निकालात जी कसोटी दिली ती साध्या शब्दांत अशी. एक कसबी कारागीर डोळ्यांपुढे आणा. नुसता हमाली हात नव्हे, धंद्याची जाण असलेला. अर्जाच्या तारखेपर्यंत त्या धंद्यात सगळ्यांना जे माहीत होते ते त्यालाही माहीत आहे असे धरा. त्याच्यापुढे अडचण ठेवा, पण पेटंटमधला उपाय त्याला दाखवू नका. आता आधीचे छापील साहित्य, आधीची यंत्रे त्याच्या हाती द्या. ‘मला हवे होते ते हेच’ असे तो म्हणेल का? म्हणणार असेल, तर उपाय उघड आहे. म्हणणार नसेल, तर त्यात शोध आहे.

सगळा कायदा या एका माणसावर उभा आहे. न्यायाधीश, वकील, पेटंट कार्यालयातला परीक्षक हे सगळे त्याच्या वतीने बोलतात. आणि आपल्या देशातली अडचण इथेच आहे. खरा कारागीर साखरखेर्ड्याच्या बाजारात, मेहकर-चिखलीच्या रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात, जिनिंगच्या शेडमध्ये उभा असतो. त्याला काय ठाऊक आहे ते बहुधा कुठे छापलेले नसते. मग त्याच्या नावाने बोलणाऱ्यांना ते कळणार कसे? आजच्या व्याख्यानाचा विषय तोच.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेटंट यंत्राला मिळते असे आपण म्हणतो, पण कायद्याच्या नजरेत पेटंट एका वाक्याला मिळते. त्या वाक्याला दावा म्हणतात. ‘अमुक भाग, अमुक भागाला अशा रीतीने जोडलेला, ज्याची खूण म्हणजे तमुक’ अशी त्याची लांबलचक घडण असते. उघड आहे की नाही हे तपासायचे ते या वाक्याचे. यंत्र कितीही सुरेख चालो, वाक्यात जे मागितले आहे तेवढ्यालाच तोलायचे. वाक्य जितके ऐसपैस तितकी मक्तेदारी मोठी. आणि तितकेच ते जुन्या ज्ञानाला धडकण्याची शक्यताही मोठी.

१९७० च्या पेटंट कायद्यात शोधक पावलाची व्याख्या आहे. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी, किंवा आर्थिक महत्त्व हवे, किंवा दोन्ही. शिवाय त्या विषयातल्या जाणकाराला ती गोष्ट उघड वाटता कामा नये. दुसरी अट पहिलीला जोडलेली आहे, पर्यायी नाही. खूप खप झाला म्हणून शोध ठरत नाही आणि अवघड गणित मांडले म्हणूनही ठरत नाही. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांनी लक्षात ठेवावी. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार शेतीची पद्धत पेटंटयोग्य नाही. ओळीतले अंतर किती ठेवायचे, पाळी कधी घालायची, यावर कोणाची मक्तेदारी चालत नाही. अवजारावर मात्र चालते.

अवजाराचाच दाखला घेऊ, कारण या विषयातला जगातला सर्वांत गाजलेला खटला नांगराचा आहे.

ट्रॅक्टरमागे चालणारा नऊ फणांचा स्प्रिंगचा कल्टिव्हेटर इथल्या प्रत्येकाने पाहिला आहे. कोणी त्याला मोगडा म्हणतो. फण दगडाला अडला की स्प्रिंग दबते, फण मागे-वर सरकतो, दगड ओलांडला की पुन्हा जागेवर येतो. स्प्रिंग नसती तर फण वाकला असता किंवा चौकट तुटली असती. अमेरिकेत विल्यम ग्रॅहम नावाच्या माणसाने खडकाळ जमिनीसाठी अशीच पकड बनवली आणि १९५० साली पेटंट घेतले. तिच्यात फणाचा दांडा वरच्या पक्क्या पट्टीत आणि खालच्या बिजागरीच्या पट्टीत धरलेला होता. काम करता करता दांडा वरच्या पट्टीवर घासायचा आणि ती झिजायची. वरची पट्टी चौकटीला पक्की असल्याने बदलणे जिकिरीचे. दांडा आडवा डोलायचाही. मग ग्रॅहमने दुसरी पकड केली. दांडा बिजागरीच्या पट्टीच्या वर होता तो खाली घेतला आणि त्याला बिजागरीच्या पट्टीशी धरून ठेवायला एक कडी दिली. आता झीज झालीच तर बिजागरीच्या पट्टीची, आणि ती बदलायला सोपी. १९५३ मध्ये याचेही पेटंट मिळाले.

एका अपील न्यायालयाने हे दुसरे पेटंट खरे मानले, दुसऱ्याने जॉन डीअर कंपनीविरुद्धच्या दाव्यात खोटे ठरवले. दोन न्यायालयांची दोन मते झाल्यामुळे प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. २१ फेब्रुवारी १९६६ रोजी निकाल लागला आणि पेटंट गेले.

हा निकाल वाचताना एक गोष्ट फार बारकाईने पाहण्यासारखी आहे. खटल्यात ग्रॅहमच्या बाजूने एक नवा मुद्दा मांडला गेला. दांडा खाली घेतल्यामुळे तो टोकापासून बोल्टपर्यंत सगळ्या लांबीत लवतो, दगडाचा धक्का जिरवतो, आणि खरा शोध त्या लवण्यात आहे. ऐकायला हे पटते. पण मूळ अर्जात, पेटंट कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहारात, कुठेही या लवण्याचा शब्द नव्हता. तिथे बोलणे होते ते कडीचे आणि झिजेचे. न्यायालयाने विचारले, हेच जर शोधाचे मर्म, तर ते सांगायला इतकी वर्षे का लागली? आणि दुसरे असे की जुनी पकड हातात घेतलेल्या, तिच्या झिजेने कावलेल्या जाणकाराला दांडा आणि पट्टी यांची उलटापालट करणे लगेच सुचले असते. कडीची मांडणी तर ग्लेन्को नावाच्या दुसऱ्या पकडीत आधीपासून होतीच.

त्याच दिवशी त्याच न्यायालयाने कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या फवारणीच्या झाकणाचे पेटंटही रद्द केले आणि पाण्याने चेतवायच्या एका विद्युतघटाचे मात्र टिकवले. घटाचे टिकले, कारण जाणकारांना तो चालणार नाही असेच वाटत होते. जाणकार ज्या वाटेने जायला नकार देत होते, त्या वाटेने हा माणूस गेला आणि पोचला. ‘उघड’ या शब्दाचे विरुद्ध टोक असे दिसते.

या निकालाने न्यायाधीशांना एक क्रम घालून दिला. आधीचे ज्ञान काय होते ते ठरवा. दाव्यात आणि त्यात फरक काय ते ठरवा. त्या धंद्यातल्या सामान्य जाणकाराची पातळी ठरवा. मगच म्हणा, उघड की नाही. इंग्लंडमध्ये ऐंशीच्या दशकात, भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली रोश विरुद्ध सिप्ला या औषधाच्या खटल्यात, थोड्या फरकाने असाच पायऱ्यापायऱ्यांचा रस्ता आखला. पायऱ्या मोजण्यात फारसे काही नाही. त्यांचा हेतू एकच आहे, न्यायाधीशाला घाई करू न देणे.

घाई होते ती उत्तर माहीत असल्यामुळे. दांडा खाली घेतलेला दिसला की कोणीही म्हणतो, ‘त्यात काय मोठेसे!’ कोड्याचे उत्तर ऐकल्यावर कोडे सोपे वाटते तसेच हे. यंत्राच्या बाबतीत तर जास्तच. औषधाचा रेणू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा दबदबा वाटतो. लोखंडी पट्टी, बोल्ट, स्प्रिंग दिसते, हाताला लागते, म्हणून ती क्षुल्लक वाटते. प्रस्तुत वक्त्याच्या मते यंत्रांवरचा हा अन्याय खरा आहे, आणि खेड्यातल्या शोधकाला तो सगळ्यांत जास्त बाधतो. त्याचा शोध नेहमीच डोळ्यांना दिसणारा असतो.

दिल्ली उच्च न्यायालयापुढे सत्तरच्या दशकात राज प्रकाश विरुद्ध मंगतराम चौधरी असा खटला आला होता. वस्तू काय, तर फिल्मची पट्टी डोळ्याला लावून पाहायचे खेळणे. त्याहून साधे यंत्र सांगणे कठीण. तरी अपिलात न्यायालयाने पेटंट खरे मानले आणि नक्कल थांबवली. वस्तू साधी असणे आणि ती उघड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंडमधल्या मँडी हॅबरमन या बाईंचा लहान मुलांचा पेला हे दुसरे उदाहरण. पेल्याच्या चोचीत फाकणारी झडप, मूल ओढेल तेव्हाच दूध येईल, पेला उलटला तरी सांडणार नाही. अशा झडपा जगाला अपरिचित नव्हत्या. १९९९ मध्ये न्यायमूर्ती लॅडी यांनी उलट प्रश्न केला. पेले बनवणारे कारखाने वर्षानुवर्षे सांडणाऱ्या दुधाचा त्रास पाहत होते, झडप त्यांच्या हाताशी होती, मग एकालाही ती चोचीत बसवावीशी का वाटली नाही? पेटंट टिकले.

मिर्झापूरचे ताट आणि हॅबरमन बाईंचा पेला शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हीकडे जुनी वस्तू नव्या जागी नेली आहे. एक पेटंट पडले, एक टिकले. टेलस्टॉकचे कामच वस्तू समोरून धरणे. ताट धरायला तोच आणणे यात कारागिराला दिशा बदलावी लागत नाही. पेल्याच्या बाबतीत सगळा धंदा दुसऱ्या दिशेने तोंड करून बसला होता. पाऊल लहान की मोठे यापेक्षा ते धंद्याच्या चालीच्या दिशेने पडले की आडवे, हे पाहिले की बऱ्याच खटल्यांचा गुंता सुटतो.

वऱ्हाडातल्या कापसाच्या जिनिंगकडे असेच पाहता येते. जुन्या चरकीत दोन रूळ असत, त्यांच्या फटीतून रुई पुढे जायची आणि सरकी मागे राहायची. १८४० साली अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने पेटंट घेतलेल्या जिनमध्ये दुसरा रूळ काढूनच टाकला. एक चामड्याचा रूळ, त्याला चिकटून दाबलेली एक स्थिर सुरी आणि सरकीला ठोकरणारे एक हलते पाते. चामडे रुईचे तंतू सुरीखाली ओढते, सरकी सुरीपाशी अडते, हलते पाते तिला ठोकरून मोकळी करते. चरकी दुरुस्त करणाऱ्या सुताराने रूळ गुळगुळीत केला असता, दोन रुळांतली फट कमी-जास्त केली असती, हँडलऐवजी पट्टा लावला असता. एक रूळ काढून तिथे सुरी लावणे, हे दुरुस्तीच्या वाटेवरचे पाऊल नव्हे.

आज विदर्भात जी डबल रोलर जिन चालते तिच्यात दोन चामड्याचे रूळ, दोन स्थिर सुऱ्या आणि मधल्या यंत्रणेवर हलणारी पाती असतात. आपल्या कायद्यात कलम ३(फ) म्हणून तरतूद आहे. ओळखीची साधने नुसती एकमेकांशेजारी मांडली, किंवा एकाची दोन केली, आणि प्रत्येक जण आपापले जुनेच काम स्वतंत्रपणे करत राहिला, तर तो शोध नव्हे. मग डबल रोलरबाबत काय म्हणायचे? दोन सिंगल जिन एका चौकटीत ठेवल्या असत्या तर कलम सरळ लागू झाले असते. पण दोन्ही रुळांना एकच हलती यंत्रणा पुरते, एका क्रँकच्या हालचालीत दोन्ही बाजूंची सरकी ठोकरली जाते, तेव्हा भाग एकमेकांवर अवलंबून असतात आणि प्रश्न पुन्हा कारागिराकडे जातो. हे कोणत्या न्यायालयाने ठरवलेले नाही, विचाराचा सराव म्हणून मांडले आहे. जिनिंगमध्ये आयुष्य घालवलेला मिस्त्री याचे उत्तर कोणाही वकिलापेक्षा चांगले देईल.

महाराष्ट्राच्या घरचा सर्वांत मोठा खटला मोटरसायकलच्या इंजिनाचा. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २००२ मध्ये अर्ज केला आणि २००५ मध्ये पेटंट मिळवले. पल्सरवर दिसणारी ‘डीटीएस-आय’ ही अक्षरे त्याच तंत्राची. दाव्याचे वाक्य थोडक्यात असे होते: चार स्ट्रोकचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा, सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटरच्या दरम्यान, समोरासमोर बसवलेले दोन स्पार्क प्लग आणि प्लगला वंगणापासून जपणारी नळी. २००७ च्या अखेरीस टीव्हीएसने ‘फ्लेम’ ही १२५ सीसीची गाडी पुढे आणली. तिच्यातही दोन प्लग होते, पण झडपा तीन.

टीव्हीएसचे म्हणणे, एका सिलिंडरला दोन प्लग ही जुनी गोष्ट आहे, होंडाच्या अमेरिकी पेटंटात ती दिसते. बजाजचे म्हणणे, मोठ्या इंजिनांत असेल, पण एवढ्याशा व्यासाच्या सिलिंडरमध्ये, जिथे एक प्लग आणि दोन झडपा बसवतानाच जागा संपते, तिथे दोन प्लग बसवून पातळ मिश्रण नीट जाळणे हेच आमचे पाऊल. फेब्रुवारी २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी टीव्हीएसला तात्पुरती मनाई केली, मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला गाड्या विकू दिल्या, विक्रीचा हिशेब ठेवायला सांगितले आणि असे दावे लवकर निकाली काढा असे खालच्या न्यायालयांना बजावले. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत मिटवले.

म्हणजे जो प्रश्न इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कुतूहलाचा, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने काही म्हटलेच नाही. जुनी मांडणी लहान आकारात आणणे उघड असते का? ‘आकार बदलला, त्यात काय’ असे म्हणणे सोपे आहे. पण आकार घटला की उष्णता वेगळी वागते, ज्वाळेला कापायचे अंतर बदलते, प्लग वंगणात भिजायला लागतो. त्या अडचणी सोडवायला नेहमीची गणिते पुरत असतील तर ती वर्कशॉपची सुधारणा. पुरत नसतील तर तिथे शोधाला जागा आहे. निर्णय व्हायला हवा होता तो या पातळीवर, इंजिन उघडलेल्या माणसांच्या साक्षीवर. तात्पुरत्या मनाईच्या सुनावणीत तेवढा वेळ कोणाजवळ नसतो.

या काल्पनिक कारागिराला डोके किती द्यायचे, यावरही मतभेद आहेत. इंग्रजी परंपरेत तो सगळे जाणतो, पण त्याला नवे काही सुचत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये मोटारीच्या ॲक्सिलरेटर-पेडलच्या खटल्यात, केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स, वेगळा सूर लावला. पुढे-मागे होणारे पेडल जुने, इलेक्ट्रॉनिक सेन्सर जुना, सेन्सर पेडलच्या न हलणाऱ्या खिळीवर लावला एवढेच नवे. न्यायालयाने म्हटले की सामान्य जाणकारालाही सामान्य कल्पकता असते, तो यंत्रमानव नसतो. दोन ओळखीचे तुकडे त्यालाही जुळवता येतात.

प्रस्तुत वक्त्याला हे दुसरे मत आपल्याकडच्या वस्तुस्थितीला धरून वाटते. तिफणीचे चाडे गळायला लागले, नळी तुंबायला लागली, डवऱ्याचा फास जमिनीत जास्त शिरायला लागला, की इथला लोहार पुस्तक शोधत बसत नाही. फासाचा कोन बदलतो, वॉशर घालतो, मोडक्या सायकलची नळी कापून लावतो. सोयाबीनच्या ओळींत तूर पेरायला तिफणीमागे सरता बांधणारी माणसे जोडकाम जाणतात. अशा माणसाला कल्पनाशून्य मानून पेटंटे वाटली, तर त्याच्याच हातची रोजची कामे त्याच्याकडून हिरावली जातील. अर्थात ही मोजपट्टी दोन्हीकडून लागते. कल्पक कारागीर गृहीत धरला की खेड्यातल्या शोधकाचेही किरकोळ पेटंट टिकणार नाही. ते स्वीकारायला हवे. स्वतःसाठी एक आणि कंपनीसाठी दुसरी अशी मोजपट्टी मागता येत नाही.

राहिली गोष्ट न लिहिलेल्या ज्ञानाची. पेटंट परीक्षकासमोर संगणक असतो, त्यात जगभरची पेटंटे आणि नियतकालिके असतात. सिंदखेडराजा तालुक्यात कोणत्या वखराला कसली जोड दिली गेली, हे त्यात सापडत नाही. सरकारने पारंपरिक ज्ञानाचा जो डिजिटल संग्रह केला तो आयुर्वेद, युनानी, सिद्ध, योग यांचा. हनी बी नेटवर्कने आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने गावोगावच्या युक्त्या नोंदवल्या आहेत, ते मोलाचे काम आहे. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी बुलेट मोटरसायकलचे मागचे चाक काढून दोन चाकांची जोड लावली आणि तिला शेतीची अवजारे जोडली. त्यांच्या ‘बुलेट सांती’ला या मंडळींच्या मदतीने भारताचे आणि अमेरिकेचेही पेटंट मिळाले. तरी नोंद झालेल्या युक्त्यांपेक्षा न झालेल्या कितीतरी जास्त.

न लिहिलेला वापरही पेटंटला धक्का देऊ शकतो, हे इंग्लंडच्या विंडसर्फिंगच्या खटल्याने दाखवले. लाटांवर शिडाच्या फळीने तरंगायच्या खेळाचे पेटंट १९६८ चे होते आणि त्याचा मालक जगभर पैसे वसूल करत होता. १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर घरी केलेल्या फळीवर शीड लावून उन्हाळे काढले होते. कुठे लेख नाही, चित्र छापलेले नाही, पण लोकांनी पाहिले होते. न्यायालयाने तो वापर ग्राह्य धरला. त्याच्या जोडीला १९६५ मधला एक मासिकातला लेख होता, त्यावरून पेटंट उघडही ठरले.

आपला कायदा या बाबतीत इंग्लंडपेक्षा एक पाऊल पुढे आहे. कलम २५ मध्ये पेटंटला हरकत घेण्याची कारणे दिली आहेत. उघडपणाचे कारण सांगताना तिथे छापील मजकुराच्या जोडीला ‘भारतात जे वापरात होते’ तेही धरले आहे. आणि आणखी एका पोटकलमात स्थानिक किंवा देशी समाजाजवळ असलेले ज्ञान, मग ते तोंडी का असेना, हरकतीला चालते. लोहाराने बापाकडून ऐकलेली गोष्ट कायद्याला मान्य आहे. ती सिद्ध मात्र करावी लागते, आणि सिद्ध करताना तारीख लागते.

तारखेअभावीच बरेच खरे दावे हरतात. अवजार ज्या साली केले त्या सालची लोखंडाची पावती, कृषी प्रदर्शनाचे पत्रक, स्थानिक दैनिकातले कात्रण, मागे तारीख लिहिलेला फोटो, वापरणाऱ्या दोन-चार शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, एवढ्यावर काम भागते. फोटोत फास कुठे, बोल्ट कुठे, कोन किती हे दिसले पाहिजे. शेजारी उभा राहिलेला पुढारी दिसला नाही तरी चालेल. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांनी आणि आयटीआयच्या मुलांनी वर्षाला गावातल्या पाच अवजारांची मापे घेऊन चित्रे काढली, तर अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अभियंत्यांना आणि नागपूरच्या राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत शिकवणाऱ्यांना हाताशी धरायला एक खरी गोष्ट मिळेल.

हरकत घ्यायची वेळही ठरलेली आहे. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनाखर्च पाहता येतो. पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही माणूस लेखी हरकत देऊ शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्ष हरकत घेता येते, पण तेव्हा ज्याचे हितसंबंध गुंतले आहेत त्यालाच. त्यानंतर पेटंट रद्द करायचे तर उच्च न्यायालयाचा उंबरठा चढावा लागतो. हरकतीत ‘हे आम्हाला आधीच माहीत होते’ एवढे म्हणून भागत नाही. दाव्याचे वाक्य तुकड्यातुकड्यांनी लिहायचे, प्रत्येक तुकड्यासमोर आपल्याकडचा जुना भाग मांडायचा, उरलेला फरक प्रामाणिकपणे दाखवायचा आणि मग त्या धंद्यातल्या माणसाला तो फरक त्या दिवशी का सुचला असता ते सांगायचे.

ज्याला स्वतःचे अवजार नोंदवायचे आहे त्याने ग्रॅहमच्या नांगराची गोष्ट विसरू नये. जुन्या अवजारात नेमके काय बिघडत होते, आपण कोणता भाग हलवला आणि त्यामुळे काय घडले, हे सारे पहिल्याच अर्जात आले पाहिजे. तपशील पुरा जुळला नसेल तर तात्पुरता अर्ज करून बारा महिन्यांत पूर्ण अर्ज देता येतो. आणि अवजार चारचौघांना दाखवण्याआधी अर्ज करावा. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला बारा महिन्यांची सवलत आहे, तालुक्याच्या मेळाव्याला ती आपोआप लागू होत नाही. शेतीच्या अवजाराची चाचणी घराच्या चार भिंतींत होत नाही, हे कायद्याला ठाऊक आहे. म्हणून कलम ३२ मध्ये वाजवी चाचणीपुरता उघड वापर माफ केला आहे. मात्र अशा चाचणीच्या दिवसापासून एका वर्षाच्या आत अर्ज दाखल झालेला असावा लागतो.